टिळेवाल्याची पुकार

आमच्या घरात दोघांनी पाहिल्याशिवाय पक्षी पाहिला असं धरत नाहीत. हा नियम माझा नाही, ह्यांचा आहे. ह्यांचा म्हणजे माझ्या नवऱ्याचा. ह्यांनी उभा जन्म रेल्वेच्या इंजिनात काढला, आधी सहायक म्हणून आणि मग ड्रायव्हर म्हणून, आणि बहुतेक सगळा मालगाडीवर. इंजिनात दोन माणसं असतात. समोर सिग्नल दिसला की एकजण हात लांब करून मोठ्यानं म्हणतो, "डिस्टंट, डबल यलो." दुसऱ्यानं स्वतःच्या डोळ्यांनी बघायचं आणि तेच परत म्हणायचं. याला हे पुकार म्हणतात. दुसऱ्याला दिसलं नाही तर त्यानं गप्प राहायचं, आणि दोघांचं जुळलं नाही तर सिग्नल लाल आहे असं समजून गाडी आवरायची. तिथं कोणाचं मन राखायला हो म्हणणं नाही.

मी वर्ध्याकडची. लग्न होऊन रायपूरला आले तेव्हा ह्यांचं हे हात लांब करणं बघून मला हसू यायचं. रस्ता ओलांडतानाही "उजवीकडे रिकामं" म्हणायचे आणि मी परत म्हणावं म्हणून थांबायचे. आमच्या तात्यापारा मोहल्ल्याच्या गल्लीत एवढ्या मोठ्यानं बोलणारं माणूस बघून बाया खिडक्या उघडून बघत. "लोक हसून राहिले आपल्याले," मी म्हणायची. हे म्हणायचे, "हसू दे. गाडीखाली तर नाही येऊन राहिलो."

हंसांचा नाद ह्यांना इंजिनातूनच लागला. थंडीत उजाडताना शेतांवरून थवे जाताना दिसायचे, पण मालगाडीचा ड्रायव्हर खिडकीतून किती वेळ वर बघणार? कोणते होते ते कधी कळलंच नाही, ही रुखरुख घेऊन माणूस रिटायर झाला. मग दोन दुर्बिणी आल्या. एकच पुरली असती असं मी म्हटलं, तर उत्तर ठरलेलं होतं, पुकारेला दोन माणसं लागतात. मी चिडूनच गेले पहिल्यांदा. गोल बाजारातून घेतलेला नवा थर्मास, पोह्यांचा डबा, सतरंजी, आणि मनात एकच, मले काय करायचं आहे बदकांचं?

शहरापासून दूर, धानाच्या शेतांमध्ये एक मोठं तळं आहे. दिवाळी सरली की पाणी उतरतं, काठाशी चिखल उघडा पडतो, आणि शेजारच्या शेतात तिवरा कोवळा असतो, आमच्याकडे त्याला लाखोळी म्हणतात. हंस ती लाखोळी चरायला येतात. त्या पहिल्या दिवशी तळ्याच्या बंधाऱ्यावर बसले आणि समोर शेकड्यांनी बसलेला तो राखाडी कळप बघून माझी बोलतीच बंद झाली. हे अजून सांगतात की लग्नानंतर ही एवढा वेळ गप्प बसली ती तेव्हाच.

पुस्तकातली नावं आम्हाला जडच गेली, म्हणून घरची नावं ठेवली. ज्यांच्या पांढऱ्या डोक्यावर मागून दोन काळे पट्टे असतात ते पट्टेवाले. आमच्या तळ्यावर मुख्य वस्ती त्यांचीच, आणि त्यांना तर पोट्टंही ओळखेल. खरी कसरत पुढं आहे. कळपात एखादा तपकिरी, जाडजूड हंस दिसतो, डोक्यावर पट्टा नाही. तो राखी. चोच गुलाबी, पाय गुलाबी, उडाला की पंखांचा पुढचा भाग रुपेरी. आणि त्याच्यासारखाच, जरा लहान, असा आणखी एक असतो, त्याच्या कपाळावर चोचीच्या मुळाशी पांढरा पट्टा असतो, कोणी ठसठशीत भस्म लावावं तसा. पाय नारिंगी, पोटावर काळे आडवे ओरखडे. तो टिळेवाला. तो इकडे येतच नाही म्हणतात, आला तर भटकून. मागून, बाजूनं, मान खाली घालून चरताना, राखी आणि टिळेवाला सख्खे भाऊ वाटतात. कपाळ दिसलं तर कपाळ, नाहीतर पोट, नाहीतर पाय. तिन्ही लपले तर मुकाट्यानं "हंस" म्हणायचं आणि पुढं जायचं.

पहिल्या वर्षी आम्ही भलताच घोळ घातला. मी पुकारलं, "राखी, चार." ह्यांनी बघितलं आणि म्हणाले, "राखी, चार." दोघं खूश. पेढे आणले. मग आठवडाभरानं पुस्तकात वाचलं की पट्टेवाल्यांच्या त्या साली जन्मलेल्या पिल्लांना डोक्यावर पट्टे नसतातच, डोकं मळकट करडं असतं. आमचे चारही राखी पट्टेवाल्यांच्या घरची पोरं निघाली. पुकार अगदी नियमानं जुळली होती, चुकले मात्र दोघंही. ह्यांचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. मी म्हटलं, "तुमच्या रेल्वेचं असंच चालते का?" दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत, पण पेढे संपवले.

नंतर मात्र आम्ही तयार झालो. किती थंड्या गेल्या अशा. बंधाऱ्यावर आमची भांडणं इतकी व्हायची की आम्हाला तळ्यावर आणणारा गाडीवाला भैया लांब जाऊन बसायचा. "पाय गुलाबी आहेत." "ऊन पडलं आहे त्यावर, नारिंगी कशावरून नाही?" "तुमचा चष्मा पुसा." "तू आधी नीट बस." आणि मग एखादा क्षण असा यायचा की हंस मान वर करायचा, हे हात लांब करून म्हणायचे, "राखी, एक, बाभळीच्या उजवीकडे," आणि मी त्याच दमात म्हणायची, "राखी, एक, बाभळीच्या उजवीकडे." झालं. आम्ही चहा प्यायचो. मी आयुष्यात कोणाशी एवढी एकमतानं वागलेली नाही, आईबापाशीही नाही. टिळेवाला तेवढा कधी मिळाला नाही. त्याच्यासाठी म्हणून दर थंडीत पुन्हा जायचो.

मग ह्यांना काचबिंदू निघाला. ज्या माणसानं दर तपासणीत रेल्वेच्या डॉक्टरांना सगळ्यात खालची ओळ घडाघडा वाचून दाखवली, त्याचे डोळे घरी बसल्यावर गेले. काचबिंदूत नजर कडेकडेनं जाते. आधी ह्यांना उडणारे दिसेनात, मग कळपाच्या टोकाचे, मग मी दुर्बीण हातात धरून फिरवून द्यायची आणि सांगायची, "त्या ओंडक्याच्या डाव्या हाताला." हे म्हणायचे, "थांब, अजून नाही." मी थांबायची. कधी दिसायचा, कधी हंस उडून जायचा. दिसला नाही की हे गप्प. मी त्या गप्प बसण्याचाही मान ठेवला. शेवटी शेवटी तर बहुतेक वेळ गप्पच असायचे, पण यायचे.

येणं बंद झालं ते मुलामुळे, आणि त्याचा बिचाऱ्याचा दोष काय म्हणायचा. आमचा मुलगा हैदराबादला असतो. मराठी सगळी समजते, उत्तर हिंदीत देतो. तो सुट्टीवर आला होता, म्हणाला, मैं भी चलूँगा. बंधाऱ्यावर ह्यांच्या शेजारी बसला, माझी दुर्बीण त्यानं घेतली. हे अंदाजानं काही पुकारायचे आणि तो लगेच म्हणायचा, "हाँ बाबा, दिख गया." बापाला बरं वाटावं म्हणून. मला ते खटकत होतं, पण बोलले नाही, पोरगा वर्षातून एकदा येतो. थोड्या वेळानं ह्यांनी हात लांब केला आणि म्हणाले, "सारस, जोडी. समोरच्या काठावर."

आमच्या तळ्यावर सारस नाही. माणसाच्या उंचीचा पक्षी, असता तर आंधळ्यालाही कळला असता. मुलगा म्हणाला, "हाँ बाबा, दिख गया. बहुत सुंदर है."

ह्यांनी हात खाली घेतला. घरी आलो. दारात बूट काढताना म्हणाले, "सारस नव्हता तिथं. मी म्हणून पाहिलं." आणि मग म्हणाले, "इंजिनात असा सहायक भेटला असता तर मी पुढच्या स्टेशनात उतरून गेलो असतो." मुलगा खाली बघत उभा होता. त्याचे डोळे भरले होते आणि बापाला ते दिसत नव्हते. मला दोघांचाही राग आला आणि दोघांचीही कीव आली, आणि मी कुकर लावायला आत गेले.

त्यानंतर ह्यांची दुर्बीण कपाटात गेली. मी म्हटलं, चला. हे म्हणाले, "तू जा. आता मी काही म्हटलं तरी तुम्ही लोक हव हव कराल. लहान पोट्ट्याले करते तसं."

मी एकटी गेले. मुद्दाम गेले, रागानं. बंधाऱ्यावर बसले, समोर राखी दिसला, अगदी स्वच्छ, गुलाबी चोच, गुलाबी पाय. सवयीनं हात लांब केला आणि मोठ्यानं म्हटलं, "राखी, एक, चिखलावर." आणि थांबले. लांबून गाडीवाला भैया धावत आला, "जी आंटी, बुलाया क्या?" मी म्हटलं, नाही हो, तुम्ही बसा. तो गेल्यावर मला रडू आलं. हंस समोर होता, ऊन होतं, सगळं होतं, आणि माझे शब्द परत येत नव्हते. ह्यांचा घरातला आवाज मला रोज ऐकू येतो, चहा दे, पंखा बंद कर, औषध कुठं आहे. मला तो दुसरा आवाज हवा होता, बंधाऱ्यावरचा, छातीतून निघणारा, माझं बोलणं उचलून धरणारा. लाज कशाची, मी त्या आवाजासाठी झुरत होते. घरी येऊन सांगितलं, "राखी होता एक." हे म्हणाले, "हं." नियमाप्रमाणे त्यांनी पाहिला नव्हता, म्हणून तो धरला नाही.

मधल्या काळात ह्यांनी कानांवर संसार मांडला. पहाटे रुळांपलीकडच्या गुढियारीकडून इंजिनाचा हॉर्न आला की पडल्यापडल्या सांगायचे, इंजिन कोणतं, माल भरलेला की रिकामा. मी पुढं जाऊन बघणार थोडीच होते, मी म्हणायची असेल. आणि एका दुपारी मी डाळ निवडत असताना मागच्या खोलीतून हंस ओरडला. मी दचकून उठले. हे खाटेवर बसून फोनला हिंदीत सांगत होते, कारण फोनला ह्यांची मराठी कळत नाही, "फिर से सुनाओ." फोन पुन्हा ओरडला. मग दुसरा आवाज. मग पहिला. मी दाराआडून परत आले. विचारलं असतं तर ह्यांनी ते बंद केलं असतं, मला माझा माणूस माहीत आहे.

या वर्षी थंडी लागली आणि मी ठरवलं की ह्यांना नेल्याशिवाय राहायचं नाही. गोडीत सांगितलं, ऐकलं नाही. डॉक्टरांनी मोकळी हवा घ्यायला सांगितली आहे म्हटलं, तर म्हणाले गच्चीवर घेतो. मग मात्र माझं डोकं फिरलं.

"तुम्हाले वाटते मी तुमच्या हो ला हो करीन?"

"करशीलच. आता सगळेच करून राहिले."

"लग्न झाल्यापासून एक गोष्ट सांगा, जिच्यात मी तुमच्या हो ला हो केलं. एक सांगा. भाजीत मीठ बरोबर आहे म्हटलं तरी मी नाही म्हणते."

हे विचार करू लागले. खरंच आठवू लागले. मग एवढ्या दिवसांनी पहिल्यांदा मोकळं हसले आणि म्हणाले, "हे मात्र खरं आहे." दुसऱ्या दिवशी आले.

आणि नेमकं त्या दिवशी धुकं. असं धुकं की बंधाऱ्यावर उभं राहिलं तर खालचं पाणी दिसेना. गाडीवाल्यानं ह्यांना हात धरून वर आणलं, मी सतरंजी घातली, शाल दिली, आणि मला अगदी चोरट्यासारखं झालं. एवढ्या वर्षांची मिनतवारी करून माणसाला आणलं आणि दाखवायला काय, तर पांढरा पडदा. मी म्हटलं, "अहो, धुकं आहे. काहीच दिसून नाही राहिलं."

"मग बरं आहे," हे म्हणाले. "आता दोघं सारखेच."

मग आपणहून बोलू लागले. थंडीत धुक्यात गाडी काढायची तर सिग्नल जवळ येईपर्यंत दिसत नाही, म्हणून सिग्नलच्या अलीकडे रुळावर फटाका बांधतात. चाक त्यावरून गेलं की मोठा आवाज होतो, मग समजायचं, सिग्नल आला, आता बघा. "धुक्यात आम्ही कानानं गाडी चालवत होतो," हे म्हणाले. "पण पुकार डोळ्यानंच. फटाका वाजला म्हणून कोणी हिरवा म्हणत नाही."

समोर पाण्यावर पट्टेवाले होते. दिसत नव्हते, पण त्यांचा तो नाकातला मऊ घोगरा आवाज येत होता, बाया मंडपात बसून कुजबुजतात तसा. हे मान वाकडी करून ऐकत होते. मी थर्मासचं झाकण उघडत होते. तेवढ्यात त्या कुजबुजीत काहीतरी वेगळं वाजलं, उंच, चिरकं, दोन तुकड्यांत. ह्यांची पाठ ताठ झाली. हात लांब झाला, सरळ, बोट धुक्यात.

"टिळेवाला, एक. पाण्यावर, डाव्या हाताला."

तो आवाज. छातीतून आलेला, घरातला नव्हे. किती थंड्यांनी ऐकला. माझ्या हातातलं झाकण खाली पडलं.

मी दुर्बीण लावली. डाव्या हाताला धुकं. मग ते जरा हललं, विरळ झालं, आणि पाण्यावर पट्टेवाल्यांची दोन-तीन पांढरी डोकी दिसली आणि त्यांच्या मधे एक तपकिरी अंग. पट्टेवाला नक्की नव्हता. पिल्लूही नव्हतं, रंग फार गडद होता. राखी किंवा टिळेवाला. पण त्यानं मान मागं वळवून चोच पाठीच्या पिसांत खुपसली होती. कपाळ दिसेना. पोट पाण्यात. पाय पाण्यात. मी श्वास रोखून म्हणत होते, वर कर रे बाबा मान, एकदा वर कर. त्यानं केली नाही. धुकं परत मिटलं.

ह्यांचा हात अजून तसाच हवेत होता. वाट बघत होते. मला काय म्हणायचं ते शब्द तोंडाशी आले होते. टिळेवाला, एक, पाण्यावर, डाव्या हाताला. एवढंच म्हणायचं होतं. ह्यांचा कान खोटा नसणार हे मला माहीत होतं, मी मागच्या खोलीतले ते हंस ऐकले होते. एक मन म्हणत होतं, म्हण बाई, ह्यांच्यासाठी म्हण, तुझ्यासाठी म्हण, ही पुकार जुळावी म्हणून तू किती रडलीस. म्हटलं असतं तर त्या माणसाचा चेहरा कसा झाला असता ते मला दिसत होतं. आणि मला तो सारसही आठवत होता. ओठ दाताखाली घट्ट धरून बसले.

"काहून बोलून नाही राहिली?"

"एक तपकिरी आहे," मी म्हटलं. "पट्टेवाल्यात. कपाळ नाही दिसलं मले."

"पोट?"

"पाण्यात."

"चोच?"

"पिसांत खुपसली होती. आता तर तोही नाही दिसत."

हात हळूहळू खाली आला. ह्यांनी तो शालीत घेतला. मी ह्यांच्याकडे बघत होते, ह्यांना दिसत नाही म्हणून मी हल्ली उघड उघड बघत असते. वाटलं होतं चेहरा पडेल. पडला नाही. हे मान हलवत होते, आणि ओठांच्या कोपऱ्यात काहीतरी हसण्यासारखं होतं, जुनं, भांडणाच्या दिवसांतलं.

"मग नको म्हणू," हे म्हणाले. "मग आपला निसता हंस."

"हंस, एक," मी म्हटलं.

"हंस, एक," हे म्हणाले. मोठ्यानं म्हणाले. लांब बसलेल्या भैयानं मान वर करून बघितलं.

चहा प्यायलो. धुकं काही उठलं नाही. त्या तपकिरी हंसानं पुन्हा तोंड उघडलं नाही. परत जाताना गाडीत बसता बसता ह्यांनी ड्रायव्हरच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "कल भी आना भैया. मॅडम ने कपाल नहीं देखा है."

दुसऱ्या दिवशी धुकं आणखी दाट होतं. मी उठून बघते तर हे माझ्या आधी तयार होऊन, बूट घालून, ओट्यावर बसले होते. मांडीवर दोन्ही दुर्बिणी होत्या, आणि माझ्या दुर्बिणीच्या काचा पुसून ठेवल्या होत्या.